कुंभारणीचा डंख

प्रणोती मोकाशीचा जळफळाट अख्ख्या करंजघरला ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो फक्त तिच्या नवऱ्याला. श्रीरंगचं सगळं लक्ष खांबांवर. बायको पोळी जरा जोरात आपटतेय, डाळीत मीठ दोनदा पडलंय, एवढ्यावरून काही ताडावं असा त्याचा स्वभावच नव्हता.

खांब म्हणजे दरड-सूचना केंद्राचे. कोयनेच्या खोऱ्यात डोंगर खचून वाड्या गाडल्या जायच्या, त्या आता जात नव्हत्या, कारण घाटभर हे उंच खांब उभे होते. त्यांच्या मुळाशी मातीतलं पाणी मोजणाऱ्या सुया, वर वाऱ्याचा दाब मोजणारी बारीक नळी. डोंगराच्या पोटात काही हललं की खालच्या गावांत आधीच भोंगे वाजत. बाकीची देखभाल ड्रोन करत. पण नळी तुंबली की ती साफ करायला माणसाचंच बोट लागे. ते बोट श्रीरंगचं.

प्रणोतीचं बाजारपेठेत ब्युटी पार्लर. पुण्यात अकराव्या मजल्यावर वाढलेली, लग्न होऊन इकडे आलेली, जिभेला धार आणि हाताला सफाई. भुवया कोरता कोरता गावातली प्रत्येक बातमी तिच्या कानावर यायची, आणि गेल्या वर्षी आलेली बातमी अशी होती, की श्रीरंगच्या केंद्रात नवीन अभियंता आली आहे. नाव दीप्ती कुंभार. एकटी राहते, जीप स्वतः चालवते, आणि रोज श्रीरंगबरोबर घाटात असते.

"दिसायला कशी आहे?" प्रणोतीनं विचारलं होतं.

"बरी आहे की," गिऱ्हाईक म्हणालं, आणि त्या "बरी"मध्ये जे काही होतं, ते प्रणोतीच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच.

तेव्हापासून ती तोंडावर कुंभार मॅडम म्हणायची आणि पार्लरमध्ये "ती कुंभारीण." शोभत नव्हतं, तिलाही कळत होतं. पण मत्सर एकदा अंगात शिरला की माणूस शोभण्याबिभण्याचा विचार करतो होय? त्यात श्रीरंग गॅलरीत उभा राहून फोनवर बोलायचा. "अरे, कुंभारणीनं अडकवून ठेवलं, नाहीतर केव्हाच घरी आलो असतो." आणि वर हसायचा! एकदा तर म्हणाला, "कुंभारणीचा काही नेम नाही बाबा. कालच तिचं घर मोडून आलो, आज पुन्हा तिथंच हजर." प्रणोतीच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. तिचं घर? कालच? आणि मोडून म्हणजे काय?

विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण विचारणार कशी? विचारलं की आपण जळतोय हे कबूल केल्यासारखं होतं, आणि ते तिला मेलं तरी जमणार नव्हतं.

एका दुपारी पार्लरमध्ये गर्दी असताना श्रीरंगचा फोन आला. आवाज घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखा.

"प्रणोती... ऐक ना... कुंभारीण..." मग नुसता श्वास. "कुंभारीण गं..."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आज सांगायचं ठरवलंय तर! तेही फोनवर, गिऱ्हाइकांसमोर!

"कळलं मला," ती म्हणाली. "वर्षभर कळतंय!" आणि तिनं फोन कट केला.

थोड्या वेळानं दुसरा फोन आला. "वहिनी, मी दीप्ती कुंभार. घाबरू नका. श्रीरंगला काहीतरी चावलं, खांबाखाली बेशुद्ध पडला होता. जीपमधल्या औषधांच्या पेटीतली सुई मी त्याच्या मांडीत मारली, आता श्वास नीट आहे. दवाखान्यात नेतेय, तुम्ही तिकडेच या."

प्रणोती हातातला दोरा टाकून पळत सुटली. जीव टांगणीला लागलेला, डोळ्यांत पाणी. आणि तशाही अवस्थेत मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणत होतंच: नुसतं श्रीरंगला? आणि मांडीत?

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नसरीन बागवान होत्या, ॲलर्जीच्या तज्ज्ञ. श्रीरंग खाटेवर, तोंड सुजून ओळखू न येणारं, पण शुद्धीत. कसला डंख, ते त्याला काही केल्या आठवेना. "हाताला आग झाली, मग पुढचं काहीच नाही," एवढंच. खांबाजवळच्या झाडावर आग्यामोहोळ होतं, तेव्हा मधमाशीच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

"धरून चालत नाही हो," डॉक्टर प्रणोतीला म्हणाल्या. "आपल्याकडे जो तो येतो आणि सांगतो, माशी चावली. मधमाशी असो, गांधील असो, सगळी माशीच. आणि आमचं सगळं तर कुठली माशी यावरच अडतं."

त्यांनी तिला दंशपेटी दाखवली. शिवणयंत्राएवढं यंत्र, आत बारीक बारीक वाट्या. "डंखाचं विष शरीरात गेलं की काही माणसांचं रक्त त्याच्याशी कायमचं वैर धरतं," डॉक्टर सांगू लागल्या. "रक्तातल्या काही पेशींवर त्या विषाला पकडणारे आकडे उगवतात. पुढच्या वेळी तेच विष आलं, की आकडे ते पकडतात, पेशी फुटतात, आणि घसा सुजून, रक्तदाब पडून माणूस काही मिनिटांत जातो. या प्रत्येक वाटीत एकेका कीटकाचं विष आहे. त्यात याच्या पेशी सोडायच्या. ज्या वाटीत फुटतील, ती निळी चमकते."

"मग सापडेल की."

"वाटीत असलं तर सापडेल. पेटीत नेहमीचे डंख भरलेले असतात. वेगळा कीटक असेल तर त्याचं नाव लागतं. नाव मिळालं, की पेटी त्याच्या जनुकांवरून विषाची प्रथिनं इथंच बनवते. पण नाव माणसानंच द्यायचं. म्हणून विचारते, पडण्याआधी यांनी तुम्हाला फोन केला होता ना? काय म्हणाले? कुठलाही शब्द चालेल, अर्धामुर्धा असला तरी. अर्थाचं आम्ही बघू."

दाराशी दीप्ती कुंभार उभी होती. केसांत गवत, शर्टावर माती, डोळे रडून लाल. आता ही कशाला रडली? हिचं काय जात होतं?

त्या बाईसमोर तो शब्द उच्चारायचा? माझा नवरा मरता मरता तुझं नाव घेत होता, हे तिलाच ऐकवायचं? प्रणोतीनं ओठ घट्ट मिटले.

"काही नाही म्हणाला," ती म्हणाली. "फोन कट झाला."

महिन्याभरानं पुन्हा रक्त घेतलं. डंखानंतर लगेच पेशी थकलेल्या असतात, खरं उत्तर देत नाहीत, म्हणून थांबायचं असतं. गांधीलमाशीच्या सगळ्या वाट्या कोऱ्या. मधमाशीची तेवढी फिकट निळी, विरलेल्या शाईसारखी.

डॉक्टर बागवान कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या. "माझ्या मनाला पटत नाही. एवढ्याशा रंगावर माणूस बेशुद्ध पडतो? मधमाशीच्या विषावर साखरेच्या कणांची शेपटं असतात, तशीच ती परागकणांवरही असतात. पुष्कळ धडधाकट माणसांच्या पेशी नुसत्या त्या शेपटांना बघून चमकतात. त्याला काही अर्थ नसतो." त्या प्रणोतीकडे वळल्या. "पुन्हा एकदा आठवा बघू. फोनवर खरंच काही नाही?"

आता तर सांगणं आणखी अवघड झालं होतं. महिनाभर गप्प का होतीस, याला उत्तर काय देणार?

"खरंच काही नाही," ती म्हणाली.

पेटीला दुसरा पुरावा मिळाला नाही, तेव्हा तिनं हाती असलेल्या पुराव्यावर निकाल दिला: मधमाशी. मग उपचार सुरू झाले. मधमाशीचंच विष, आधी कणभर, मग जरा वाढवून, असं टोचत टोचत रक्ताचं वैर मोडायचं. पूर्वी याला वर्षं लागत, आता एका हंगामात होई. शेवटी डॉक्टरांनी खरी मधमाशी काचेच्या नळीतून श्रीरंगच्या दंडावर सोडली. ती चावली. सगळे श्वास रोखून बसले. दंडावर एक टेंगूळ आलं आणि श्रीरंग म्हणाला, "चहा मिळेल का?"

निकाल लागला: निर्धोक. पहिल्या डंखानंतर त्याला जवळ बाळगायला दिलेली सुई नियमाप्रमाणे परत घेतली गेली. निर्धोक माणसाला ती मिळत नाही. श्रीरंग लहान पोरासारखा खूश झाला. दुसऱ्याच दिवशी खांबावर. आणि खांबाखाली, अर्थातच, कुंभार मॅडम.

प्रणोतीला दिलासाही वाटला आणि पोटात दुखलंही. आजारपणात तो तिचा होता. हातानं भरवलेलं खात होता, गॅलरीत फोन नव्हता, हसणं नव्हतं. आता पुन्हा ते सगळं सुरू झालं. "आज कुंभारणीनं वैताग दिला," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा तिनं कपड्यांना अशी काही इस्त्री फिरवली, की त्याच्या शर्टाची कॉलर जळाली.

मग तो मंगळवार उजाडला. पार्लरमध्ये सिंधुअक्का केसांना मेंदी लावून बसल्या होत्या. जन्म घाटात गेलेली बाई, गप्प बसणं माहीत नाही. त्या मान वर करून एसीच्या पाइपाकडे बघत होत्या.

"प्रणोती, तुझा एसी पाणी का गाळतोय सांगू? त्या भोकात कुंभारणीनं घर केलंय बघ."

प्रणोतीचा हात थांबला. "कोणी?"

"कुंभारणीनं! अगं ती काळी लांबट माशी. कंबर कशी, दोऱ्याएवढी. तोंडात चिखल आणून मडक्यासारखं घर बांधते, म्हणून कुंभारीण. जरा भोक दिसलं की हिनं लिंपलंच. नळी म्हणू नको, कुलूप म्हणू नको."

"अक्का," प्रणोतीनं विचारलं, "ती चावते?"

"एरवी नाही गं, गरीब असते. पण घर मोडताना हाताखाली सापडली तर सोडेल होय?"

कालच तिचं घर मोडून आलो. कुंभारणीनं अडकवून ठेवलं. कुंभारीण गं...

अगं बाई, हे मी काय केलं! त्यानं शेवटच्या श्वासात आपल्याला माशीचं नाव सांगितलं होतं. डॉक्टरनं दोनदा विचारलं, आणि दोनदा आपण ते गिळलं. आणि आज, या घडीला, तो सुई न घेता नळ्या साफ करतोय!

तिनं श्रीरंगला फोन लावला. बंद. हल्ली खांबावर चढताना तो फोन बंद करून जीपमध्ये ठेवत असे. आता एकच माणूस उरलं. तिनं कुंभार मॅडमना फोन लावला.

"मॅडम," ती धापा टाकत म्हणाली, "कुंभारीण! ती कुंभारीण—"

पलीकडून थंड आवाज. "मोकाशी वहिनी, तुम्ही पार्लरमध्ये मला काय म्हणता, ते माझ्या कानावर आलेलं आहे. माझं आडनाव कुंभार आहे आणि मला त्याची लाज नाही. पण कामाच्या वेळी फोन करून ऐकवायची काही गरज नव्हती."

फोन कट.

प्रणोतीनं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सिंधुअक्का मेंदीच्या डोक्यानं उठून जवळ आल्या होत्या. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला, तशी प्रणोती किंचाळलीच.

"ठेवू नका, पाया पडते! तुम्ही नाही हो, माशी! मातीची घरं करते ती माशी! त्याला मधमाशीची ॲलर्जी नाहीच, हिची आहे! मला माहीत होतं... त्यानं मला सांगितलं होतं... त्याला खाली उतरवा!"

दीप्तीनं एकही प्रश्न विचारला नाही. फोनमधून वारा घोंघावला, चपलांखाली खडी वाजली, मग तिची हाक आली, "श्रीरंग! नळीला हात लावू नकोस! खाली ये!"

खूप वरून त्याचा आवाज, "काय? अगं, हे एवढं झालंच की..." आणि मग, "आई गं!"

पुढचं सगळं प्रणोतीनं नुसत्या कानांनी पाहिलं. पट्ट्याची साखळी घरंगळली. पाय धपकन जमिनीवर आले. "घसा..." तो म्हणत होता, "घसा आवळतोय."

"मॅडम, सुई!" प्रणोती ओरडली. "त्याची सुई परत घेतलीय हो!"

"माझ्याकडे आहे," दीप्ती म्हणाली. "पर्समध्ये. त्या दिवसापासून ठेवलीय, माझा त्या पेटीवर विश्वास नाही बसला."

खट् असा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग श्रीरंगचा खोकला, आणि एक लांब, घरघरता श्वास.

माझ्या नवऱ्यासाठी ही बाई पर्समध्ये सुई घेऊन फिरते. तो श्वास ऐकून प्रणोती ढसाढसा रडली आणि त्याच रडण्यात तिला हेही सलत होतं. माणसाचं मन म्हणजे काय चीज आहे, देव जाणे.

या वेळी दवाखान्यात प्रणोतीनं डॉक्टर विचारेपर्यंत वाट पाहिली नाही. दीप्ती तिथंच उभी होती, श्रीरंग जागा होता, नर्स सलाइन लावत होती. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "पहिल्या वेळी त्यानं फोनवर नाव सांगितलं होतं. कुंभारीण म्हणाला होता. मला वाटलं, तो या मॅडमबद्दल बोलतोय. म्हणून मी खोटं बोलले. दोन्ही वेळा."

डॉक्टर बागवानांना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "बाई, मी विषं ओळखायला शिकले. हे कुठं शिकवत नाहीत." मग त्या पेटीकडे वळल्या. त्यांनी कीटकाचं नाव घातलं, पेटी घरघरू लागली, प्रथिनं बनवू लागली. थकलेल्या पेशींवर नवी चाचणी होत नाही. पण निर्धोक ठरवलं त्या दिवशीचं श्रीरंगचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. संध्याकाळच्या चहाच्या सुमारास त्यातल्या पेशी नव्या वाटीत सोडल्या. वाटी अशी काही निळी झाली, की नर्स "अगं बाई!" म्हणाली.

श्रीरंग आणि प्रणोती दोघंच खोलीत उरले, तेव्हा तो छताकडे बघत होता.

"मला आता आठवतंय," तो म्हणाला. "दीप्ती जीपशीच होती. हाक मारली असती तरी आली असती. पण मी तुला फोन लावला."

"का?" तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"वाटलं, मी काही वाचत नाही. डॉक्टरला काय ते नीट सांगायला आपलं माणूस हवं."

तिनं त्याच्या सुजलेल्या हाताला हात लावला. त्यानं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"एवढं वाटत होतं तर विचारायचंस," तो म्हणाला.

"विचारवत नव्हतं. जळत होते मी, श्रीरंग. अजूनही जळतेय. ती तुला नुसतं श्रीरंग म्हणते ना, तेही मला सहन होत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. हसला नाही. अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याला आपल्या बायकोकडे नीट बघावं लागत होतं.

डॉक्टर आत आल्या. कुंभारणीच्या विषाचे उपचार आता नव्यानं करायचे होते. पेटीतलं नवं विष, पूर्वी कुणाला न दिलेलं, म्हणून जपून, दीड-दोन वर्षं. "तोवर दोनच वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "एक तर यांनी ऑफिसात खुर्चीवर बसायचं, डोंगर बंद. नाहीतर बाहेर जाताना यांच्याजवळ कायम एक सोबती हवा, सुई जवळ बाळगणारा, क्षणभरही नजरेआड न जाणारा. त्याला आम्ही शिकवून तयार करतो. काय करायचं?"

श्रीरंग खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत म्हणाला, "हिला विचारा. ही म्हणेल तसं."

म्हणजे सगळं तिच्या हातात आलं. खुर्ची म्हणायचं, की संपलं. खांब नाहीत, जीप नाही, ती बाई नाही. रोज संध्याकाळी वेळेवर घरी येणारा नवरा. वर्षभर तिनं देवाकडे दुसरं काय मागितलं होतं? आणि तो डोंगराशिवाय कसा राहील, हेही तिला दिसत होतं. सहा महिन्यांत वाळून जाईल. वाळून गेलेला, पण आपला. तोंडापर्यंत शब्द आला होता.

"सोबती," प्रणोती म्हणाली. "कुंभार मॅडम. त्यांच्याशिवाय दुसरं कोण आहे तिथं?"

श्रीरंगची मान वळली.

डॉक्टरांनी पेटीच्या पडद्यावर नाव घातलं. "दीप्ती कुंभार. पेशंटशी नातं काय घालू?"

गेलं वर्षभर ज्या प्रश्नानं तिची झोप उडवली होती, तो डॉक्टरांनी भाजीचा भाव विचारावा तसा विचारला.

"सहकारी," ती म्हणाली.

"आणि त्यांचा फोन नंबर? बाहेर बसल्यात ना त्या? थांबा, बोलावून विचारते."

"नको," प्रणोती म्हणाली, आणि फोनकडे न बघता, एकही आकडा न चुकवता तिनं तो घडाघडा सांगितला. बायकोला परक्या माणसाचा नंबर असा पाठ असायला तो किती रात्री बघितलेला असावा लागतो, ते श्रीरंगच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. मग त्यानं सलाइनचा हात सांभाळत दुसरा हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं.

"पुन्हा एकदा सांगा," डॉक्टर म्हणाल्या, "शेवटचे चार राहिले."